मैलागाडीवाली पेलागिया

लिपिन्का गावात पेलागिया रोझेकला बघून माणसं आपणहून रस्ता सोडत. मानाने नव्हे, तिच्या गाडीचा वास तिच्या आधी वळणावर पोचायचा. चार चाकांवर आडवं ठेवलेलं लाकडी पिंप, पुढे कश्तान नावाचा तांबडा घोडा, आणि पिंपाला टेकून बसलेली ही रुंद खांद्यांची बाई. घराघरांतले संडासाचे खड्डे उपसायचे आणि मैला शेतावर नेऊन ओतायचा, हा तिच्या नवऱ्याचा, इग्नात्सीचा धंदा. गाव नाक मुरडायचं, पण कोबीची लावण आली की तेच शेतकरी तिच्या दारात येऊन उभे राहायचे.

१९४० साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांनी इग्नात्सीला पश्चिमेकडच्या कुठल्याशा कारखान्यात मजुरीला नेलं. खड्डे काही भरायचे थांबले नाहीत. नगरपालिकेतल्या नव्या जर्मन साहेबाने पेलागियाला विचारलं, "गाडी हाकतेस, की तुलाही नवऱ्यामागे धाडू?" तिने दुसऱ्या दिवशी घोडा जुंपला. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती.

त्या दिवसांत आमच्या माणसांना फुटपाथवरून उतरून जर्मनांना वाट द्यावी लागे, टोपी काढावी लागे. पेलागियाच्या बाबतीत उलटं झालं होतं. तिला बघून शिपाईच फुटपाथ बदलायचे. "माझ्या अंगावर चिलखत आहे," असं ती जावेला सांगायची. "शिवून दाखवा म्हणावं!"

बेचाळीसच्या शरदात गावाबाहेरच्या शेतकी शाळेभोवती काटेरी तारा आल्या, टेहळणीचे मनोरे उभे राहिले आणि आगगाडीने पाचशे कैदी आले. सगळे अफसर, बहुतेक इंग्रज वैमानिक. अफसरांना कामाला लावायचं नाही असा लढाईचा कायदा होता, त्यामुळे ते दिवसभर मोकळे असत. कोणी भाषा शिके, कोणी नाटक बसवी, कोणी तारेच्या कडेने फेऱ्या मारत बसे. पण खाल्लेलं कुठेतरी जाणारच. आवाराच्या उत्तर टोकाला विटांचा लांबलचक संडास होता आणि त्याच्याखाली दीड पुरुष खोल खड्डा. पेलागियाला परवाना मिळाला: दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठ ते बारा.

फाटकावरचे शिपाई पहिल्या आठवड्यात पिंपाचं झाकण उघडून बघत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नुसती काठी वाजवली. तिसऱ्या आठवड्यापासून ते लांबूनच हात हलवायला लागले.

नाताळ उलटला आणि पेलागियाच्या एक गोष्ट लक्षात आली. गाडी जड झाली होती. कश्तान फाटकाजवळच्या चढावर गुडघे टेकायला लागला. पातळ भाग हातपंपाने निघायचा तसा निघे, पण तळचा गाळ उपसायचा लांब दांड्याचा डबा वर ओढताना तिच्या खांद्यातून कळ जायची. जानेवारीतल्या एका मंगळवारी तिने डबा पिंपात उलटा करायच्या आधी त्यात काडी फिरवली. काडीला पिवळी माती चिकटून आली.

तिने काडी मोडून पिंपात टाकली.

लिपिन्काची जमीन काळी. पिवळी चिकणमाती लागते ती थेट तीन पुरुष खाली. सासऱ्याने विहिरी खणल्या तेव्हा तिने ती पाहिली होती. ती माती आपल्या पायांनी चालत खड्ड्यात येत नाही. कोणीतरी खोल खणत होतं आणि खणलेलं संडासात टाकत होतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. मनोऱ्यावरचा शिपाई पाय आपटत ऊब घेत होता. तिने डबा पिंपात रिकामा केला, झाकण लावलं आणि गाडी हाकली. एरवी ती मैला जर्मन जमीनदाराच्या शेतावर ओतत असे. तिथे बर्फ होतं. पांढऱ्या बर्फावर पिवळा चिखल पसरला असता तर आंधळ्यालाही दिसला असता. फाट्यावर आल्यावर तिने विचार असा केलाच नाही. लगाम डावीकडे ओढला आणि अर्धा कोस लांब, जंगलामागच्या जुन्या खाणीत पिंप मोकळं केलं. परतताना तिने लगाम मनगटाला गुंडाळून घेतला.

शुक्रवारी ती ठरवूनच गेली. संडासाच्या भिंतीशी एक तांबड्या केसांचा, काटकुळा अफसर नेहमी पुस्तक घेऊन उभा असायचा. इतक्या घाणीत, इतक्या थंडीत पुस्तक वाचणारा माणूस पहारा देत असतो, हे आता तिला कळलं होतं. पंपाचा दांडा खालीवर करत ती पुटपुटली, "ए लाल्या. आमची भाषा येते?"

तो दचकला. पुस्तकातून डोकं न काढता म्हणाला, "थोडी येते. मी शिकली. मी हॅलम आहे."

"शिकली? तू बाई आहेस का?"

"इंग्लंडात, दवाखान्यात. तुमच्या देशाची एक नर्स होती. ती बोलायची तशी मी बोलते."

एरवी पेलागिया हसून लोळली असती. आता तिने दात आवळले. "ऐक. तुमची पिवळी माती माझ्या डब्यात येते."

त्याने पान उलटलं. त्याचे कान लाल झाले होते. "मी समजते. आम्हाला घरून पार्सल येते. आम्ही तुम्हाला चॉकलेट देते. साबण देते."

"घाल चुलीत तुझं चॉकलेट! माझ्या घरात तुमच्या साबणाची एक वडी सापडली तर मला चौकात टांगतील. तू पकडला गेलास तर काय होईल रे तुला?"

"चौदा दिवस कोठडी."

"चौदा दिवस! आणि मला? माझ्या दिराला, जावेला, त्यांच्या दोन पोरींना? फास. तुमचा खेळ होतो आणि आमच्या घराला कुलूप लागतं."

त्याने पुस्तक खाली घेतलं. मग पहिल्यांदाच तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही सांगा. थांबायचं, तर आम्ही थांबते."

पंपाचा दांडा चार वेळा वर गेला, चार वेळा खाली आला. आपण काय बोलणार हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"थांबा म्हणून मी म्हटलं का?" ती म्हणाली. "थोडी थोडी टाका. एका दिवसात ढीगभर नको. घोडं मरेल माझं. आणि मला काही सांगू नका. केव्हा, किती जण, काहीएक नाही. परत माझ्याशी बोलूही नकोस."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती खाणीपर्यंत जाऊ लागली. रात्री झोपेत दात खायची सवय लागली ती याच दिवसांत. जाऊ लेओकादिया शेजारीच राहायची, तिने विचारलं, "जाऊबाई, अन्न का टाकताय? पेजेला चव नाही का?" पेलागियाने दाढ दुखते म्हणून सांगितलं.

छावणीत हवालदार लोरेंत्स नावाचा एक जर्मन होता. लढाईआधी तो टपाल कचेरीत कारकून होता. मारहाण करत नसे, ओरडतही नसे. पण त्याच्या खिशात एक वही असायची आणि ती वही सगळ्यांना पिस्तुलापेक्षा भारी वाटायची. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शुक्रवारी तो नाकाला अत्तराचा रुमाल लावून खड्ड्यापाशी आला.

"डिसेंबरात तू एका सकाळी तीन खेपा करायचीस," तो म्हणाला. "आता पाच करतेस आणि तरी खड्डा भरलेला. माणसं तेवढीच आहेत. मग हे जास्तीचं येतं कुठून?"

"थंडीत माणसाला जास्त लागते, साहेब," ती मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली.

"थट्टा नको. काठी घाल."

इग्नात्सीने खुणा पाडलेली एक लांब मोजकाठी गाडीला बांधलेली असे. तळाशी गाळ नसला की ती नवव्या खुणेपर्यंत बुडायला हवी. आता तळाशी माती साचली होती. बहुतेक ठिकाणी ती सहाव्या खुणेवरच अडायची. फक्त तोंडाशी, जिथून पेलागिया नेहमी गाळ काढायची, तिथे खळगा होता. तिने काठी नेमकी तिथे घातली. आठ.

लोरेंत्सने वहीत लिहिलं. मग बोट दाखवलं. "आता त्या कोपऱ्यात."

भिंतीशी हॅलम पुस्तक घेऊन उभा होता. पेलागियाने त्याच्याकडे पाहिलं नाही. काठी कोपऱ्यात घातली. थोडी तिरकी घातली, जोर लावला. सहा. काठी पुढे जाईना.

"तळाला काय आहे ते काढ."

"साहेब, घाण आहे. तुमच्या बुटांवर..."

"काढ."

तिने डबा खाली सोडला. वर ओढेपर्यंत तिच्या पाठीवर घामाची धार लागली होती. लोरेंत्सने एका काटकीने डब्यातलं ढवळलं आणि काटकी डोळ्यांसमोर धरली. पिवळी.

"ही माती कुठून आली?"

त्या क्षणी पेलागियाच्या तोंडून जे निघालं, ते तिने आधी ठरवलेलं नव्हतं. "भिंत फुटली आहे, साहेब. खड्ड्याची. पाणी गोठून विटा सुटतात, मागची माती आत ढासळते. मी तुम्हाला सांगणारच होते. असंच चाललं तर एक दिवस सगळा संडास साहेबलोकांसकट खाली बसेल."

लोरेंत्सने रुमाल नाकावरून खाली घेतला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. न जुळणाऱ्या आकड्यांना कारण सापडलं होतं आणि ते त्याने स्वतः शोधलं होतं. तो लिहू लागला. "भिंत सदोष. बरोबर. खड्डा बांधला कोणी?"

"शाळेच्या वेळचा आहे. मला काय ठाऊक?"

"गावात गवंडी रोझेक आहे. तुझा कोण?"

तिने डबा खाली ठेवला. "दीर."

"सोमवारी सकाळी आठ वाजता तो इथे पाहिजे. तू खड्डा पूर्ण रिकामा करायचास, त्याने आत उतरून भिंत बघायची. मी स्वतः उभा राहीन."

लोरेंत्स दहा पावलं मागे गेला, पण निघून गेला नाही; वहीत काहीतरी आखत राहिला. सोमवारी खड्डा रिकामा झाला की माती खरी कुठून येते ते उघडं पडणार होतं. हॅलमशी बोलायला सोय नव्हती. पेलागिया कश्तानपाशी गेली आणि त्याच्या मानेवर थाप मारून, लोरेंत्सला न कळणाऱ्या आपल्या भाषेत कडाडली, "हलू नकोस, गाढवा! सोमवारी काय करशील? सोमवारी सकाळी गवंडी येणार, अख्खा खड्डा उपसायचाय, तळ दिसेपर्यंत! ऐकलंस का? सोमवारी! तोवर काय ते आटप!"

घोड्याने कान मागे केले. "इतकं काय ओरडतेस जनावरावर?" लोरेंत्सने लांबून विचारलं.

"ऐकत नाही हो, साहेब."

हॅलमने पुस्तक मिटलं, जांभई दिली आणि रमतगमत बराकीकडे निघून गेला. त्याला समजलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ज्याला शिकलो आणि शिकली यातला फरक कळत नाही, त्याला एवढं कळलं असेल?

संध्याकाळी दीर कोन्स्तांती घरी आला. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, गावातल्या निम्म्या चुली आणि धुराडी त्याच्या हातची. सगळे त्याला कोस्तेक म्हणत. हातात छावणीचा कागद होता.

"वहिनी, हे काय? तुमच्या त्या खड्ड्याची भिंत फुटली म्हणे. अहो, तो मी आणि बाबांनी बांधलाय, छत्तीस साली. त्याच्या विटा हत्तीने ढकलल्या तरी हलायच्या नाहीत!"

पेलागिया बटाटे सोलत होती. सुरी थांबली. हे तिला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी ती माहेरी आईच्या आजारपणात होती.

"तूच बांधलास?"

"मग! माझं काम फुटतं होय? कोणी सांगितलं त्या हवालदाराला?"

सांगावं तर तोही गुन्ह्यात सामील होणार. पकडला गेला तर मारून त्याच्याकडून वदवून घेतील. न सांगावं तर सोमवारी तो डोळे झाकून विहिरीत पाय टाकणार. ती म्हणाली, "कोस्तेक, सोमवारी आजारी पड."

तो हसला. "जर्मनांनी बोलावल्यावर आजारी? मागल्या वर्षी सुतार आजारी पडला होता. त्याला असा बरा केला की अजून उठला नाही. तुम्हाला झालंय तरी काय, वहिनी? चेहरा बघा तुमचा."

"दाढ दुखते."

"मग काढून टाका. दुखणं पोसू नये." त्याने टोपलीतला एक कच्चा बटाट्याचा काप उचलून तोंडात टाकला आणि गेला.

शनिवार गेला. पेलागियाने दिवसभर तीच दोन भांडी घासली. वारा छावणीकडून येत होता, तिकडून कोणत्यातरी वाद्याचा आवाज ऐकू येत होता, आणि आज का वाजवताहेत, रोजच वाजवतात का, असं ती आठवत बसली.

रविवारी उजाडताना कुत्री भुंकू लागली. आधी दोन, मग चाळीस. मग भोंगा वाजला. ट्रक धावू लागले. खिडकीच्या फटीतून तिने स्टेशनकडे पळणारे शिपाई पाहिले. त्याला समजलं होतं! तिच्या छातीत आनंदाने एकच उसळी मारली. ती उसळी पुढे तिने आयुष्यभर स्वतःला माफ केली नाही, कारण तिला त्या क्षणी कोस्तेकची आठवणही झाली नव्हती.

तीस अफसर भुयारातून निघाले होते. नऊ वाजता गुप्त पोलिसांनी पेलागियाला नेलं. कोस्तेकला तिच्या आधीच उचललं होतं. दाढी करत होता, अर्ध्या गालावर साबण तसाच.

चौकशी जिल्ह्याच्या गावी झाली. टेबलामागे एक चष्मेवाला अधिकारी, बाजूला पांढराफटक पडलेला हवालदार लोरेंत्स. पेलागियाने पहिल्या थपडेला जे वाक्य म्हटलं, तेच विसाव्या थपडेलाही म्हटलं: "भिंत फुटली होती, माती आत येत होती, मी साहेबांना सांगितलं."

"तू त्यांना मदत केलीस."

"भिंत फुटली होती. मी साहेबांना सांगितलं."

अधिकारी लोरेंत्सकडे वळला. "आणि तुम्ही मातीचा डबा डोळ्यांनी बघून गवंड्याला सोमवारची वेळ दिलीत? त्याच घटकेला खड्डा का नाही उपसला?"

लोरेंत्सला स्वतःची कातडी वाचवायची होती. त्याने वही पुढे केली. "बाईने दोष नोंदवला. मी खात्री केली. भिंत खरोखर सदोष होती. शिपायांनी पाहिलंच आहे, भगदाड आहे तिथे."

आणि ते खरंच होतं. माती टाकायला कैद्यांनीच भिंतीच्या विटा काढल्या होत्या. पेलागियाने थाप मारली ती कागदावर खरी ठरली. जिने दोष कळवला तिला फाशी कशी द्यायची? एकोणीस दिवसांनी तिला सोडलं. डाव्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

पण भिंत सदोष होती, तर ती बांधणाऱ्याने दोष ठेवला असणार. जुन्या दप्तरात नाव सापडलं: रोझेक, बाप आणि मुलगा. विटा कुठून सहज निघतील हे कैद्यांना त्यानेच कळवलं, असं चष्मेवाल्याने लिहिलं. कोस्तेक एकच म्हणत राहिला की माझं काम फुटत नाही. त्याला छळछावणीत पाठवलं. ऑगस्टमध्ये लेओकादियाला छापील कार्ड आलं. हृदय बंद पडून मृत्यू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षात पाऊल टाकायचं होतं, ते राहिलं.

पळालेल्या तिसांपैकी अठ्ठावीस जण पंधरवड्यात धरले गेले. दोघांचं काय झालं, ते गावाला कधीच कळलं नाही. हॅलमला चौदा दिवस कोठडी झाली आणि दुसऱ्या छावणीत हलवलं.

पंचेचाळीसच्या जानेवारीत जर्मन निघून गेले. त्याच आठवड्यात पेलागिया जावेकडे गेली आणि चुलीशी उभी राहून सगळं सांगितलं: काडीला लागलेली माती, खाण, घोड्यावर ओरडणं, भिंतीची थाप. लेओकादिया धाकटीची वेणी घालत होती. वेणी पुरी करून तिने मुलींना बाहेर पाठवलं.

"त्याला का नाही सांगितलंत?"

"मारलं असतं तर बोलला असता."

"तुम्ही बोललात का?"

पेलागिया चुलीतलं लाकूड आत सारू लागली.

"मला हे कशाला ऐकवलंत, जाऊबाई? तुमचं ओझं हलकं करायला?" लेओकादियाने दार उघडून धरलं.

पुढे इग्नात्सी परत आला, खोकत का होईना. गाडी त्याने घेतली. दोन्ही घरांच्या मध्ये एक कुंपण होतं. मुली त्यावरून ये-जा करायच्या, त्यांची आई करत नसे. पेलागिया मुलींसाठी दूध ठेवायची, लेओकादिया ते परत पाठवत नसे. बारा-तेरा वर्षं एवढंच चाललं.

अठ्ठावन्न साली छावणीच्या जागी स्मारकशिळा बसवायचं ठरलं आणि जिल्ह्याहून एक तरुण कारकून साक्षी नोंदवायला आला. पेलागियाने त्याला दारातच थांबवलं, कुंपणाशी जाऊन हाक मारली, आणि लेओकादिया आली. का आली, तिलाच ठाऊक. दोघी एका बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

पेलागियाने सांगितलं, कारकुनाने लिहिलं. मग तो पेन थांबवून हळूच म्हणाला, "काकू, शिळेवर फक्त मदत करणाऱ्यांची नावं जाणार आहेत. गवंडी रोझेकांना भुयाराची माहिती होती, असं एक वाक्य घातलं तर त्यांचंही नाव बसेल. कोण विचारतंय आता?"

पेलागियाने मान खाली घातली. "हिला विचारा."

लेओकादियाने कारकुनाच्या कागदावर बोट ठेवलं. "नाही," ती म्हणाली. "त्याला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याने काय केलं असतं, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. त्याला फुकट मारलं. तसंच लिहा. आणि हेही लिहा, की भिंत पक्की होती."

कारकुनाने लिहिलं. शिळेवर कोस्तेकचं नाव नाही. जिल्ह्याच्या दप्तरात तो कागद आहे; खाली दोन सह्या, पेलागिया रोझेक आणि लेओकादिया रोझेक, एकाच पेनाने केलेल्या.